माफीचा रविवार

शनिवारी सकाळी लव्होनिया टिब्सच्या स्वयंपाकघरातून केस भाजल्याचा वास आला की आमच्या गल्लीला कळायचं, सोमवारी तिच्या घरातलं कुणीतरी डॉक्टरकडे जाणार. गॅसवर लोखंडी फणी तापत ठेवायची, केसांना तेल चोळायचं आणि कुरळी बट न् बट ओढून सरळ करायची. चर्चला जाताना एवढा थाट नसायचा. चर्चमध्ये देव असतो, तो चालवून घेतो, असं लव्होनियाचं म्हणणं.

मी समोरच्या घरात राहते. ओपल माझं नाव. मेकन गावातल्या या काळ्यांच्या वस्तीत जन्मले, इथल्याच मातीत जाणार. यातलं पुष्कळसं मी डोळ्यांनी पाहिलं, उरलेलं केटुराने मागाहून सांगितलं. गोडीगुलाबीने सांगायला मला जमणार नाही. ज्यांना गोड हवं त्यांनी पान उलटावं.

त्या शनिवारी खुर्चीत बसली होती लव्होनियाची लेक केटुरा. वाचनालयात नोकरी करणारी, चार लोकांत नीट बोलणारी पोर. बाळंत होऊन दीड महिना झाला होता. नवरा रोडेल ट्रक घेऊन टेक्सासकडे गेलेला. लहानगी नेला टोपलीत झोपली होती. मी कॉर्नब्रेड द्यायला गेले आणि तिथेच टेकले.

"आई, कान भाजेल माझा."

"मग दुमडून धर की. बाळंतीण झालीस तरी कान धरायला मीच का?"

केटुराने कान दुमडला. मग म्हणाली, "आई, सोमवारी मी डॉक्टरांना सांगणारेय."

"काय सांगणारेस?"

"मला झोप येत नाही. नेला झोपली तरी येत नाही. आणि तिला न्हाऊ घालायला घेतलं की वाटतं, हात सुटेल. नुसतं वाटत नाही, दिसतं. ती पाण्याखाली गेलेली दिसते. हात कापायला लागतात माझे. ओपलमावशीच घालतायत ना तिला अंघोळ? विचार त्यांना."

लव्होनियाची फणी हवेतच थांबली. मी मान डोलावली. खरंच होतं ते. पोरगी न्हाणीघराच्या बाहेर भिंतीला टेकून बसायची आणि आतून पाण्याचा आवाज आला की डोळे मिटून घ्यायची.

"ऐक, बाळा," लव्होनिया म्हणाली. आवाज खाली आणला होता, जणू भिंतीपलीकडे कुणी कान लावून बसलंय. "हे मला सांगितलंस, मावशींना सांगितलंस, देवाला सांग. त्या लोकांसमोर एक अक्षर नाही. शँट्रेलचं काय झालं विसरलीस?"

शँट्रेल म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाची. 'कधीकधी वाटतं सगळं सोडून निघून जावं,' एवढंच ती तपासणीत बोलली होती. असं कुठली आई म्हणत नाही? पण दुसऱ्या आठवड्यात सरकारी बालकल्याणवाले दारात उभे आणि लेकरू गाडीत. म्हणून आमच्यातल्या आया मुलींना दोन गोष्टी शिकवतात. डॉक्टरकडे जाताना राणीसारखं जायचं, आणि काहीही विचारलं तरी 'छान आहे' म्हणायचं.

लव्होनियाला मूर्ख म्हणायची घाई करू नका. केटुराच्या वेळी ती शाळेच्या मुदपाकखान्यातून तशीच, ॲप्रन घालून, कळा देत हॉस्पिटलात गेली होती. तिला व्हरांड्यातल्या बाकावर बसवून ठेवलं. नवरा आहे का, नशापाणी करतेस का, हे आधी विचारलं. बाकाखाली रक्ताचं थारोळं झालं तेव्हा कुठे कुणी धावलं. त्या दिवशी तिने कानाला खडा लावला. तिची रीत तिला वेडेपणातून सुचलेली नव्हती, मार खाऊन आलेली होती.

"आपल्या बायकांनी काय काय सोसलंय," ती पुन्हा फणी फिरवत म्हणाली. "तुझी पणजी पाठीवर पोर बांधून कापूस वेचायची. तिला कुणी विचारलं झोप येते का म्हणून? आपण मजबूत आहोत, पोरी."

"पणजी किती वर्षं जगली, आई?"

लव्होनियाने फणी पुन्हा गॅसवर तापत ठेवली.

सोमवारी केटुरा गेली. निळा ड्रेस, मोत्यांची कर्णफुलं, ओठांना रंग. टेकडीवरच्या मोठ्या हॉस्पिटलच्या त्या बाकांवर तिच्या शेजारी एक गोरी बाई बसली होती. झोपायची विजार, पायात घरातल्या सपाता, केसांचं घरटं. तीही बाळंतीण. अचानक ती हुंदके द्यायला लागली आणि मोठ्याने म्हणाली, "मला भीती वाटते हो, माझ्या हातून बाळ पडेल. मी त्याला खिडकीजवळसुद्धा नेत नाही."

नर्स टॅमी धावत आली. तिच्या खांद्यावर हात टाकून खाली गुडघ्यावर बसली. "अगं, हे होतं गं! पुष्कळ जणींना होतं. आजार आहे हा, औषध आहे याला. तू चांगली आई आहेस म्हणून तर घाबरतेस." पाणी आणलं, रुमाल आणला, तिला आत नेलं.

केटुराने शब्द न् शब्द ऐकला. आजार आहे, औषध आहे. तिच्या जिवाला किती धीर आला म्हणून सांगू!

मग तिचा नंबर आला. डॉक्टर लायल कॉम्प्युटरकडे बघत होते. जखम भरलीय, रक्तदाब ठीक आहे. केटुरा म्हणाली, "डॉक्टर, मला झोप लागत नाही."

"घरात नवं बाळ असल्यावर कुणाला लागते?" ते हसले.

"बाळ झोपलं तरी लागत नाही. आणि डोक्यात काहीतरी येतं. भीतीचं."

आता त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ड्रेसकडे, कर्णफुलांकडे, केसांकडे. "केटुरा, खरं सांगू? तुमच्यासारख्या आवरून येणाऱ्या बाया मला थोड्याच बघायला मिळतात. जिचं मन खरंच बिघडलेलं असतं ती मोती घालून येत नाही. आणि तुमच्या बायका कणखर असतात, मला माहितीये. जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून देतो."

झालं! आईने मान मिळावा म्हणून सजवलं आणि त्या सजण्यानेच पोरीचं दुखणं झाकलं. केटुरा गाडीत बसली, ओठांचा रंग पुसला आणि घरी आली. आईने विचारलं, "नीट बोलले ना?" "हो," ती म्हणाली, "कौतुक केलं."

नंतरचे दिवस मी बघत होते. पोर वाळत चालली. नेलाला पाजायची, कुशीत घ्यायची, पण उठून उभं राहायचं झालं की तिला माझ्या किंवा लव्होनियाच्या हातात द्यायची. फोनवर रोडेल म्हणायचा, "येतोच मी, आठवडाभर धीर धर." लव्होनिया प्रार्थना करायची आणि पालेभाजीचा रस पाजायची. दोघांचं प्रेम होतं. पण प्रेमाला औषधाची चिठ्ठी लिहिता येत नाही.

एका बुधवारी लव्होनिया कामावर, मी दाताच्या डॉक्टरकडे. घरात केटुरा आणि नेला दोघीच. नेलाने अंगभर शी केली. न्हाऊ घालायलाच हवं होतं. केटुराने नळ सोडला, आणि हात असे कापायला लागले की तिने नळ बंद केला, पोरीला टॉवेलात गुंडाळलं आणि तशीच निघाली. डोक्याला फडकं, अंगात घरातला झगा, पायात सपाता. मुद्दामच तशी गेली ती. तिला वाटलं, त्या बाईसारखं गेलं तर आपलंही ऐकतील. काय तिची चूक? तिला वाटलं नियम सगळ्यांना सारखा आहे.

तीच टॅमी समोर होती. केटुराने नेलाला पुढे केलं. "हिला धरता का जरा? मला भीती वाटते, माझ्या हातून ही पडेल."

त्या गोऱ्या बाईचं वाक्य आणि हे वाक्य, फरक सांगा मला. फरक एकच, तोंड कुणाचं होतं.

टॅमीने बाळ घेतलं आणि दोन पावलं मागे सरकली. पाणी आलं नाही, रुमाल आला नाही. सुरक्षारक्षक आला. डॉक्टर लायल आले, दारातूनच विचारलं, "काही घेतलंय का हिने?" आणि मग टेलिफोन फिरला.

"मी मदत मागायला आलेय," केटुरा म्हणत राहिली. "तुम्हीच म्हणालात ना, औषध आहे? त्या बाईंना म्हणालात. मी ऐकलं."

"आवाज चढवू नका," रक्षक म्हणाला.

तिने आवाज चढवला. कुठली आई चढवणार नाही? त्यांनी लिहून टाकलं, आक्रमक आहे, बाळाला धोका आहे. तासाभरात नेला बालकल्याणवाल्यांच्या गाडीतून गेली, अंगावर अजून तोच घाण टॉवेल. आवरून गेली तर आजारी नाही, न आवरता गेली तर आई व्हायच्या लायकीची नाही. इकडे आड आणि तिकडे विहीर म्हणतात, ते आम्हा काळ्या बायकांसाठीच कुणीतरी खणून ठेवलंय.

रोडेल कायम फिरतीवर, म्हणून लव्होनियाने त्याच रात्री बालकल्याण खात्याकडे अर्ज केला की नात माझ्याकडे द्या. त्यांनी तिचं घर पाहिलं आणि म्हणाले, "मुलीची अवस्था माहीत असून तुम्ही कुठे कळवलं नाहीत, तेव्हा तुमच्याकडे कसं द्यायचं?" माझ्यासमोर म्हणाले. कळवलं असतं तर बाळ नेलं असतं, कळवलं नाही म्हणून नेलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार दुसरा कसा असतो?

नेला शहराबाहेरच्या एका जोडप्याकडे दिली गेली. सज्जन होते बिचारे, त्यांना मी दोष देत नाही. केटुराला आठवड्यातून एकदा, काचेच्या खोलीत, तासभर भेट. काचेपलीकडे एक बाई बसून बघायची की ही आई लेकराला नीट घेते की नाही. केटुराचे हात कापायचे, आणि कापले की ती बाई मान खाली घालून लिहायची.

तिला वाचवलं ते अटलांटाच्या डॉक्टर युनिस प्रॅदर यांनी. आमच्यातल्याच. रोडेलने ट्रक सोडला, दर गुरुवारी तिला तिकडे घेऊन जायला लागला. पहिल्याच भेटीत त्यांनी केटुराला विचारलं, "तुम्हाला बाळाला बुडवायचं आहे?" केटुरा किंचाळली, "नाही! म्हणून तर मी पाण्याजवळ जात नाही!" "बरोबर," डॉक्टर म्हणाल्या, "हे बाळंतपणानंतरचं मनाचं दुखणं आहे. भीतीचं दुखणं. यातली आई बाळाला इजा करत नाही, उलट स्वतःला बाळापासून लांब ठेवून कुढते. हे पहिल्याच तपासणीत कळायला हवं होतं." केटुरा तिथे इतकी रडली की बाहेर बसलेला रोडेल दार उघडून आत आला.

औषधाने झोप आली. झोपेबरोबर माणूस परत आलं. डॉक्टर प्रॅदर कोर्टात दोनदा उभ्या राहिल्या. सात महिन्यांनी नेला घरी आली.

घरी आली म्हणजे काय? बसायला दुसरीकडे शिकली, रांगायला दुसरीकडे, पहिला दात दुसरीकडे. केटुराने उचललं की पोर पाठीचं धनुष्य करून किंचाळायची, दाराकडे हात करायची. रात्री दुसऱ्याच बाईसाठी रडायची. केटुरा तिला खांद्यावर घेऊन खोलीत फिरायची आणि म्हणायची, "रड बाळा, रड. तुझं काही चुकत नाही." लव्होनिया स्वयंपाकघरात तोंडाशी पदर घ्यावा तसा ॲप्रन घेऊन उभी राहायची.

डॉक्टर प्रॅदरच्या मदतीने केटुराने वैद्यक मंडळाकडे डॉक्टर लायल यांची तक्रार केली. पेपरात आलं. आणि हॉस्पिटलला एकाएकी प्रेमाचं भरतं आलं! आमच्या चर्चच्या तळघरात ते आयांसाठी खोली बांधून देणार होते, रंग, पडदे, पाळणे, सगळं. पास्टर गँट हुरळून गेले. लव्होनियाच्या घरी येऊन केक खात म्हणाले, "सिस्टर टिब्स, येत्या रविवारी आपण समेटाची उपासना ठेवू. डॉक्टर स्वतः येणार आहेत, नर्सही येईल. केटुराने दोन शब्द बोलायचे. माफ केलं म्हणायचं. टीव्हीवाले असतील."

"तक्रारीचं काय?" केटुराने विचारलं.

"माफ केल्यावर तक्रार कशाला, बेटी? मन मोकळं होतं माफीने."

"कुणाचं?"

पास्टर लव्होनियाकडे वळले. लव्होनिया म्हणाली, "आपण माफ करणारी माणसं आहोत, पोरी. आजवर तेच करत आलो." पण हे बोलताना ती टेबल पुसत होती, आणि टेबल केव्हाच स्वच्छ झालं होतं.

माझं तर डोकंच फिरलं. आमच्यातलं कुणी मारलं गेलं, कुणाचं लेकरू नेलं, की अश्रू वाळायच्या आत तोंडासमोर माइक येतो, माफ केलंत का? गोऱ्या आईला कुणी विचारलंय कधी? तिला विचारतात, न्याय मिळाला का. आम्हाला विचारतात, माफ केलंत का. मी पास्टरांना म्हटलं, "लेकरू नेलेल्या घरातला केक तुमच्या घशाखाली जरा जास्तच सहज उतरतोय हो!" ते हसले. त्यांना थट्टा वाटली.

रविवार आला. आमच्या चर्चमध्ये मी रांगेत उभी राहणारी सेविका. पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे. माणसांना जागा दाखवायची, कुणाच्या अंगात आलं तर सावरायचं, कुणी गोंधळ घातला तर हळूच हाताला धरून बाहेर न्यायचं. पास्टरांनी नुसती भुवई हलवली तरी मला कळतं.

पहिल्या बाकावर डॉक्टर लायल आणि टॅमी. डॉक्टर उठून बोलले. "एक दुर्दैवी गैरसमज झाला. आपण सगळेच त्यातून शिकलो." टॅमीने डोळे टिपले. टाळ्या पडल्या, बऱ्याच जणांच्या पडल्या, खोटं कशाला बोलू. मग पास्टरांनी केटुराला बोलावलं. ती नेलाला कडेवर घेऊन वर गेली. डॉक्टरांनी हात पुढे केला. टीव्हीचा दिवा लागला.

केटुराने हात घेतला नाही.

"गैरसमज नाही, डॉक्टर," ती म्हणाली. "तुम्हाला समजलं होतं. एक बाई तुमच्या बाकावर बसून जे बोलली तेच मी बोलले. तिला पाणी मिळालं. मला पहारेकरी मिळाला. माझी लेक मला ओळखत नाही. तिचा पहिला दात मी पाहिला नाही. ते सात महिने आणून द्या, इथे ठेवा माझ्यासमोर, मग माफीचं बघू."

नेला किंचाळायला लागली. पास्टर पुढे सरकले, "बेटी, पोर थकलीये, आपण प्रार्थना करू," आणि माझ्याकडे पाहून भुवई हलवली. तिला खाली ने, असं.

मी ती भुवई पाहिली. हात पाठीमागे बांधले आणि जागची हलले नाही.

"संपलं नाही माझं," केटुरा म्हणाली. "मी चांगली आई आहे हे मला काचेच्या खोलीत बसून सिद्ध करावं लागलं. आता तुमची चौकशी लागलीये. तक्रार मी मागे घेत नाही. तुम्ही डॉक्टर व्हायच्या लायकीचे आहात की नाही, ते आता तुम्ही सिद्ध करा. कुणीतरी समोर बसून लिहून घेईल. तुमचे हात कापले तर तेही लिहून घेईल."

"बोल, पोरी!" मागून कुणीतरी ओरडलं. शँट्रेल होती ती.

डॉक्टरांचा चेहरा लालबुंद. ते लव्होनियाकडे वळले, आजवर जी त्यांना 'छान आहे' म्हणत आली तिच्याकडे. "लव्होनिया, तुम्ही तरी समजवा हिला. तुम्ही समजूतदार आहात."

लव्होनिया उठली. मला वाटलं, गेलं सगळं. आयुष्यभराची सवय आहे, आता ही लेकीला गप्प करणार.

"मिसेस टिब्स," ती म्हणाली. "मिसेस टिब्स म्हणायचं मला. तुमच्याहून वयाने मोठी आहे मी. समजूतदार होते म्हणूनच लेकीला शिकवलं, गप्प राहा, छान दिसत जा. तुमच्या भीतीने माझ्याच पोरीच्या तोंडावर मी हात ठेवला. ते पाप मी देवासमोर फेडीन. पण तुमचं पाप तुमचं. माझ्या घरातून तुम्हाला माफी मिळणार नाही. आज नाही, मी मेल्यावरही नाही. आणि पास्टर, त्या खोलीचे पडदे परत पाठवा."

मग शँट्रेल उभी राहिली. तिच्यामागे आणखी एक, मग आणखी. टीव्हीवाला दिवा विझवायला लागला तर शँट्रेल त्याला म्हणाली, "पेटव रे! आमच्या रडण्याला पेटवतोस, आता का विझवतोस?" डॉक्टर आणि टॅमी मधल्या वाटेने निघाले. दार उघडायचं काम माझं. त्या दिवशी त्यांनी ते स्वतः उघडलं.

सूड म्हणा याला. पास्टर म्हणालेच, "हा सूड झाला, सिस्टर ओपल." मी म्हटलं, "हो. मग?"

सोमवारी आम्ही तिघी हॉस्पिटलात गेलो. लव्होनिया, केटुरा आणि मी. नेला रोडेलजवळ. सरळ बाकावर जाऊन बसलो. टॅमी आली, आम्हाला बघून तिचा रंगच उडाला.

"तुमच्यापैकी पेशंट कोण आहे?"

"येईल ती," लव्होनिया म्हणाली.

थोड्या वेळाने एक पोरसवदा मुलगी आली. आमच्यातलीच, पोट पुढे आलेलं, पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. केटुरा तिच्याजवळ सरकली, नाव विचारलं, काय होतंय ते विचारलं. मुलगी आधी 'छान आहे' म्हणाली. "मलाही तेच शिकवलं होतं," केटुरा म्हणाली. मग मुलगी बोलायला लागली आणि बराच वेळ बोलली.

तिचं नाव पुकारलं तेव्हा केटुराही तिच्याबरोबर उठली. दारात डॉक्टर लायल उभे. "आत फक्त पेशंट," ते म्हणाले.

केटुराने मुलीकडे पाहिलं. मुलीने तिचा हात घट्ट धरला.

"चालेल," केटुरा तिथेच उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली. "मग दार उघडं ठेवून इथेच बोलू. सगळ्यांना ऐकू येऊ दे, ही काय सांगते आणि तुम्ही काय उत्तर देता."

बाकावरच्या बाया उठून उभ्या राहिल्या. मीही उठले.